सहावी दाढ

गेल्या महिन्यात लेकीची दाढ दुखायला लागली. म्हणजे आधी दोन दिवस ती नुसती एका बाजूने खात होती आणि मला वाटलं भाजी नको म्हणून नखरे चाललेत, तिसऱ्या रात्री अडीच वाजता गालाला हात लावून उठून बसली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. लवंग धरायला दिली तर तिखट लागते म्हणून माझ्याच हातावर थुंकली. मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं, खाली डाव्या बाजूला सगळ्यात मागच्या दाढेवर काळा ठिपका, पेनाचं टोक टेकवल्यासारखा. बास एवढाच.

आई गावाहून आलेली, तिने बसल्या जागी निकाल दिला, "आरं दुधाची हाय ती, पडंल आपसूक. उगा डाक्टरला पैसं घालू नगंस."

आणि खरं सांगतो, मला ते पटलं. साडेसात वर्षांची पोरगी, पुढचे दात एकेक पडतायत, ही पण पडेल की. बायकोने ऐकलं नाही म्हणून सकाळी दवाखान्यात गेलो, तिथेही मी शहाण्यासारखं विचारलं, मॅडम ही पडणारच आहे ना, मग काढूनच टाका की. डॉक्टरबाईंनी आरसा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, ही पक्की दाढ आहे. ही पडत नसते. ही गेली की गेली."

मला वाटत होतं पक्के दात म्हणजे दुधाचा पडतो आणि त्या जागी नवीन येतो. पुढच्या दातांचं तसंच असतं. पण सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दाढांच्या मागे, मोकळ्या हिरडीत, एक नवीन दाढ गुपचूप येते. वर दोन, खाली दोन, चारही बाजूंना. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, हलत नाही, रक्त येत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ताच लागत नाही. पुढचा दात हलला की आपण सोसायटीभर सांगतो, आणि आयुष्यभर चावायचं मुख्य काम जिच्यावर आहे ती येऊन किडूनसुद्धा जाते.

ओळखायची कशी तर मोजायचं. दुधाचे दात एकूण वीस, म्हणजे प्रत्येक बाजूला पाच. मधून सुरू करायचं, दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दाढा, झाले पाच. त्याच्या मागे सहावं काही दिसलं की ते पक्कं. मॅडमनी माझंच बोट लेकीच्या तोंडात धरून मोजायला लावलं, एक दोन तीन चार पाच, आणि सहाव्यावर बोट टेकल्यावर लेक कळवळली. घरी येऊन आरशात स्वतःचे मोजले. माझी खालची उजवी सहावी नाहीच आहे. कॉलेजात असताना ठणका लागला होता तेव्हा काढून टाकलेली, आणि इतकी वर्षं मला ती कितवी होती हे माहीतच नव्हतं.

ती इतक्या लवकर का किडते तेही त्यांनी सांगितलं. उगवायला तिला कित्येक महिने लागतात, तोवर ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, आपण ब्रश दातांच्या ओळीत सरळ फिरवतो तो तिच्या डोक्यावरून निघून जातो. वर तिच्यावर खोल खाचा, बिस्किटाचा लगदा त्यात बसला की बसला. आणि नवीन दाढेचं कवच अजून पूर्ण टणक झालेलं नसतं. बाहेर टाचणीएवढं भोक आणि आत सगळं पोखरलेलं. हापूस वरून देखणा आणि कापल्यावर कोयीत भुंगा निघतो ना, तसं. मुळंही या वयात अर्धवट असतात, दाढ वर आल्यावर ती पूर्ण व्हायला अजून तीनेक वर्षं जातात, म्हणून मोठ्यांसारखं सरळ रूट कॅनल न करता वरचा खराब झालेला नसेचा भाग काढून औषध भरलं आणि वर स्टीलची कॅप बसवली. लेक आता हसताना मुद्दाम गाल ओढून ती कॅप दाखवते, वर्गात तिचा भाव वाढलाय.

बाकीच्या तीन सहाव्या चांगल्या होत्या. त्यांच्या खाचा बुजवून घेतल्या, सीलंट म्हणतात त्याला, सुई नाही ड्रिल नाही, पातळ औषध लावून निळा लाईट मारतात. हे दाढ आल्या आल्या करता येतं हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर... असो.

आणि दुधाचे दात पडणारच म्हणून किडले तरी चालतात हेही डोक्यातून काढा. पुढचे दात सहाव्या ते आठव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. त्या आधीच काढाव्या लागल्या तर ही सहावी पुढे सरकते आणि खालून येणाऱ्याची जागा खाते. गर्दीच्या लोकलमध्ये कुणी उठलं की काय होतं, तेच.

आता घरात नवीन कायदा आलाय, रात्रीचा ब्रश मी करून देणार. लेक म्हणते मी काय लहान आहे का. पण मॅडमचं म्हणणं, सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते वळण नसतं, ती पुढचे चार दात घासतात आणि फेस झाला की काम झालं समजतात. मी तिच्या मागे उभा राहतो, तिचं डोकं माझ्या पोटाला टेकवून वर करायला लावतो आणि सहावीसाठी ब्रश गालाच्या बाजूने आडवा घालतो. पहिले चार दिवस रडारड, पाचव्या दिवशी दोघांनाही सवय. पेस्ट जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर लाट काढायची नाही, तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, नंतर वाटाण्याएवढी. पेस्टमध्ये कीड रोखायला फ्लोराईड घालतात, ते किती ते ट्यूबवर बारीक अक्षरात असतं, १००० पीपीएमच्या आसपास हवं. कार्टूनवाल्या गोड पेस्टमध्ये कधी कधी ते नसतंच, आमच्या घरची तसलीच निघाली. स्ट्रॉबेरी फ्लेवर, बाकी शून्य.

फ्लोराईड म्हणलं की माझा यवतमाळकडचा मित्र हसतो. त्याच्या गावच्या बोअरच्या पाण्यात ते इतकं होतं की लहानपणापासून त्याच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत. चंद्रपूरकडेही कितीतरी गावांत हेच. तर तिकडे पाणी तपासून डॉक्टरांना विचारूनच काय ते करा, आणि कुठेही लहान पोराला पेस्ट गिळू देऊ नका.

खरं भांडण झालं ते चुळीवरून. ब्रश झाला की थुंकायचं, पण खळखळून चूळ भरायची नाही म्हणजे पेस्ट दातांवर थोडी राहते. आई हादरलीच, "त्वांड न धुता झोपायचं?" माझी आई रोज सकाळी मिश्री लावते, पन्नासेक वर्षं, आणि दाताचं ज्ञान मला शिकवते. म्हणजे भाजलेली तंबाखूच ती, लेक एकदा डबीत बोट घालताना सापडली तेव्हापासून डबी माळ्यावर.

गोडाचं मात्र मी जरा वेगळं समजत होतो. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे जास्त महत्त्वाचं. प्रत्येक वेळी तोंडात आम्ल तयार होतं आणि लाळेला ते निस्तरायला अर्धा तास तरी लागतो. जेवणाबरोबर एक अख्खा लाडू परवडला, पण आमच्याकडे चहात बुडवलेलं बिस्किट, मग शाळेतून आल्यावर बिस्किट, मग क्लासला जाताना बिस्किट, लाळेने बिचारीने करायचं काय. आता मधल्या वेळेला चुरमुरे शेंगदाणे, काकडी. बिस्किट बंद नाही केलं, ते जेवणाच्या ताटात ठेवतो. दिसायला विचित्र दिसतं, वरण भात आणि बाजूला दोन बिस्किटं.

धाकटा दोन वर्षांचा. रात्री दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपायचा, म्हणजे रात्रभर दातांवर दूध, ती बंद करताना तीन रात्री अख्खं घर जागं होतं, खालचे काका सकाळी विचारत होते सगळं ठीक ना.

परवा लेकीचा वरचा एक दात पडला. आम्ही लहानपणी शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर टाकायचो आणि उंदीरमामाला नवीन मागायचो. इथे चौथ्या मजल्यावर कौल कुठलं, गॅलरीतून पार्किंगच्या पत्र्यावर फेकला, टण्ण आवाज आला आणि वॉचमन बाहेर येऊन वर बघायला लागला. आम्ही दोघं खाली बसलो लपून. मग आत येऊन लेकीने आज्जीला तोंड उघडायला लावलं आणि बोटाने मोजायला बसली, एक, दोन, हा नाहीये, हा पण नाहीये, आज्जी तुझी सहावी कुठाय गं?

"कुठली सहावी," आई म्हणाली, "माज्यात हायतच मिळून सहा."