केळीचा कंटेनर आणि माझा पहिला निवाडा

आठ वर्षं जळगावच्या जिल्हा न्यायालयात दिवाणी दावे चालवल्यावर मी आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाच्या प्रशिक्षणाला नाव घातलं. त्याला कारण रावेरकडचे एक केळी निर्यातदार, आमचे तात्या. दुबईच्या खरेदीदाराने पैसे अडवले तेव्हा ते करार घेऊन आले. "ताई, इथंच दावा टाका." कराराच्या शेवटच्या पानावर लिहिलं होतं: वाद लवादाकडे, सीट (म्हणजे लवादाचं कायदेशीर ठिकाण) लंडन. मी तरीही दावा टाकला. समोरच्यांनी १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ४५ खाली अर्ज दिला आणि न्यायालयाने प्रकरण लवादाकडे पाठवलं. तात्यांचे सहा महिने वाया गेले, आणि ते माझ्यामुळे.

प्रशिक्षण ऑनलाइन होतं, रात्री. दिवसभर तारखा, मग जेवून लॅपटॉपसमोर. पहिले काही आठवडे कायदा: परदेशी निवाड्यांच्या अंमलबजावणीचा १९५८ चा न्यूयॉर्क करार, युनसिट्रालचा (संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाचा) १९८५ चा नमुना कायदा. हे वाचून जमतं. डोक्यात बसायला खरा वेळ लागला तो सीटला. सुनावणी दुबईत घ्या नाहीतर सिंगापूरला, सीट लंडन असेल तर निवाडा, म्हणजे लवादाचा निर्णय, रद्द करायला लंडनच्याच न्यायालयात जावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या बाल्को निकालाने आपल्याकडेही हे पक्कं केलं. आणि सीट भारतात असली तरी एक पक्षकार परदेशी असेल तर कलम ९ चा, म्हणजे अंतरिम संरक्षणाचा, अर्ज जिल्हा न्यायालयात नाही, उच्च न्यायालयात. आम्हा खानदेशातल्या वकिलांना म्हणजे औरंगाबाद खंडपीठ. बार रूममध्ये मी हे सांगितलं तेव्हा दोन ज्येष्ठ वकिलांनी वहीत टिपून घेतलं.

सगळ्यात अवघड गेलं निवाडा लिहिणं. सरावासाठी दिलेला वाद नेमका केळीचा निघाला: रीफर (थंड ठेवणारा) कंटेनर, माल बंदरात नाकारलेला, दोन्ही बाजूंची कागदपत्रं, तापमानाच्या नोंदींचा लॉग. मी केळीच्या पट्ट्यात वाढले. साल करडी पडली म्हणजे थंडी लागली, तापमान १३ अंशांच्या खाली गेलं असणार, हे मला लहानपणापासून माहीत. मी तसं लिहून वाहतूकदाराला दोषी धरलं. कागद परत आला तेव्हा त्या परिच्छेदाशेजारी लाल अक्षरांत एकच प्रश्न होता: हे तुम्हाला कोणी सांगितलं?

कोणीच सांगितलं नव्हतं. तो मुद्दा ना दाव्यात होता ना कैफियतीत, तज्ज्ञाची साक्ष नव्हती, आणि लॉगमधले मधले दोन दिवस कोरे होते. पक्षकारांना बोलायची संधी न देता स्वतःच्या माहितीवर ठरवलेला मुद्दा निवाडा रद्द व्हायला पुरेसा असतो. न्यूयॉर्क कराराच्या पाचव्या अनुच्छेदात, आपली बाजू मांडता न येणं हे अंमलबजावणी नाकारण्याचं कारण दिलेलं आहे. म्हणजे मी बरोबर असूनही जिंकणाऱ्याच्या हातात रद्दी ठेवली असती. वकील म्हणून जे माहीत आहे ते मांडायचं, लवाद म्हणून जे समोर मांडलं गेलं तेवढ्यावरच लिहायचं. हे अंगवळणी पडायला मला तीन मसुदे लागले. चौथ्यात मी तापमानाबद्दल दोन्ही बाजूंना लेखी प्रश्न काढला, उत्तरं घेतली आणि मगच पुढे लिहिलं. तो पास झाला.

तात्यांचा वाद लंडनच्या सीटवरच चालू आहे, त्यांच्या बाजूने तिथले सॉलिसिटर आहेत आणि मी लॉग, बिलं, पॅकहाऊसच्या नोंदी जुळवून देते. परवा त्यांच्या पुतण्याने नव्या खरेदीदाराचा करार पाठवला. सही करण्याआधी.