भाचीची केमो थांबवली तेव्हा

केमो थांबवायचं ठरलं तेव्हा ताई पहिलं हेच बोलली की लोक म्हणतील पोरगी होती म्हणून सोडून दिली, पोरगा असता तर वावर विकलं असतं. बारा वर्षांची माझी भाची, मांडीच्या हाडाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं आणि तरी फुप्फुसात पसरला. मुंबईच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की आता केमोने बरं होणार नाही, त्रास तेवढा वाढेल, पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या ओपीडीत दाखवा.

ताईचं सासर चोपड्याकडं, केळीवाले लोक. घरात शब्द आबांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा, मामाला फार तर गाडी बघायला सांगतात. आबा म्हणे पैशाकडं पाहू नका, मी दोन एकर काढतो. त्यात इकडच्या एका खाजगी डॉक्टरने केमोची अजून एक सायकल, म्हणजे फेरी, देऊन बघू म्हणून सांगितलं, झालं, घरात दोन पार्ट्या. आबांचं प्रेम खरंच होतं हो, पण केमोनंतर बादली धरून बसायचं ते ताईने, ओकायचं ते पोरीने.

पॅलिएटिव्हच्या मॅडमनी आधी आमचं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या थांबतेय ती फक्त केमो, उपचार चालूच राहणार. त्यांनी भाचीसमोर एक कागद ठेवला, हसऱ्या तोंडापासून रडक्या तोंडापर्यंत चेहरे काढलेले, विचारलं तुझं दुखणं यातलं कोणतं. पोरीने शेवटून दुसऱ्यावर बोट ठेवलं. ताई बघतच राहिली, कारण घरी रोज विचारलं की "कमी आहे" म्हणायची. का गं असं, तर म्हणे दुखतं म्हटलं की मम्मी रडते.

मग मॉर्फिन सुरू झालं. 10 मिलिग्रॅमची गोळी, अर्धी दर चार तासांनी, झोपताना पूर्ण म्हणजे मध्यरात्री उठवायला नको, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध, ते चुकवायचंच नाही कारण या गोळीने संडास घट्ट होते. (डोस वजनावर असतो, हा बघून कोणी आपल्या मनाने देऊ नका.) आबा भडकले, अफूची गोळी पोरीला देता? मॅडमनी फोनवर समजावलं की दुखण्यासाठी मोजून दिलं तर व्यसनाची भीती धरू नका. गावाकडच्या मेडिकलवाल्याने तर चिठ्ठी बघूनच परत केली. 2014 मध्ये एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलून मान्यता असलेल्या हॉस्पिटलांसाठी लायसनची भानगड कमी केली, पण म्हणून ती गोळी तालुक्याला मिळते असं नाही, दाजी मुंबईहूनच आणायचे.

व्हेंटिलेटरचंही आधीच बोलून घ्यावं लागलं. 2018 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी मशीनवर ठेवू नका असं आधीच लिहून ठेवणं, करता येतं ते सज्ञान माणसाला, लेकराच्या बाबतीत आईबाप आणि डॉक्टर मिळूनच ठरवणार. आयसीयू नको असं दाजींनी सांगितलं. पण माझं मत, सही नसली तरी तिला विचारायला पाहिजेच होतं, शरीर तिचं आहे ना. एक दिवस तिनेच विचारलं, "मामा, आते मुंबईले जावानं नही का?" मॅडमनी सांगून ठेवलं होतं, विचारेल तेवढंच सांगा पण खोटं सांगू नका. म्हटलं केमोला नाही जायचं आता, त्याने फायदा होत नाहीये. थोडा वेळ गप्प, मग म्हणे, "मंग केस येतीन का?" आले की, बोटभर आले. कानबाईच्या सणाला नवीन फ्रॉक घालून मिरवली पण.

ती घरीच गेली, दिवाळीच्या आधी. दारावर बसायला आलेल्या बाया जे बोलायचं ते बोलल्याच, तेव्हा आबाच उठले आणि म्हणाले वावर माझं, नात माझी, तुम्ही चहा घ्या.

राग एकाच गोष्टीचा आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते लेकरांना ही सेवा निदान झाल्यापासून, उपचारासोबतच मिळावी, आणि आम्हाला पाठवलं सगळं संपल्यावर. ऑपरेशननंतर ती रात्र रात्र कण्हायची तेव्हा कुणी नावही काढलं नाही. आता ओळखीतल्या एकाच्या पोराला ब्लड कॅन्सर निघालाय, बरा होईल असं डॉक्टर म्हणतात, तरी मी त्याला म्हटलं पॅलिएटिव्हला आत्ताच दाखव. तो चिडला, माझा पोरगा काय मरायला टेकलाय का. म्हटलं नाही रे भो, पण तोंडात फोड आलेत, पाणीसुद्धा गिळवत नाही म्हणतोस ना, त्यासाठीच जा.