ट्रेनरवरचे इंटरव्हल बोपदेव घाटात

पावसाळाभर घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, ४×८ मिनिटांचे इंटरव्हल चालू होते: चार वेळा आठ मिनिटं एफटीपीच्या (साधारण तासभर टिकवता येईल अशा जास्तीत जास्त जोराच्या, वॅटमध्ये) ९५ ते १०० टक्के, मधे चार मिनिटं आराम. दिवाळी उलटल्यावर तेच बाहेर करावेत म्हणून एका मंगळवारी सकाळी पुण्याजवळचा बोपदेव घाट गाठला. शनिवार-रविवार मुद्दाम टाळला. तेव्हा घाटात सायकली, भरधाव दुचाक्या आणि कठड्याशी उभे राहून फोटो काढणारे सगळे एकाच वेळी असतात.

कोंढव्यापासून येवलेवाडीपर्यंतचा रस्ता वॉर्म-अपपुरता ठीक आहे, पण तो उजाडायच्या आधी उरकलेला बरा. नंतर डंपर आणि स्कूलबस सुरू होतात. दोन्ही दिवे लावूनच निघावं. घाटात मात्र फटफटल्यावरच शिरावं, आणि शक्यतो सोबत कोणीतरी असावं.

घाट साधारण चार किलोमीटरचा, सरासरी चढ सहा टक्क्यांच्या आसपास. सायकलसकट ८५ किलो वजन धरलं तर २०० वॅटला इथे ताशी जेमतेम १२ किमी वेग मिळतो. म्हणजे आठ मिनिटांत दीड किलोमीटरच्या जरा पुढे. कागदावर एका चढात दोन इंटरव्हल सहज बसतात. घोडं अडतं ते मधल्या आरामापाशी. ट्रेनरवर आराम म्हणजे ८० वॅटवर पाय नुसते फिरवत राहायचे. इथे ताशी सात किमीनं रांगायलाही ११० वॅट लागतात आणि त्याहून हळू गेलं तर सायकल डुगडुगते. एफटीपी २०० असलेल्यासाठी हा आराम नव्हेच.

म्हणून वरपर्यंत जायचा मोह सोडला आणि घाटाचा खालचा टप्पाच पुन्हा पुन्हा चढलो. आठ मिनिटं वर, मग वळून खाली. तेवढंच अंतर जपून उतरायला तीन-साडेतीन मिनिटं लागतात, पायथ्याशी अर्धा मिनिट सपाटीवर फिरलं की चार झाली. यू-टर्न मात्र घड्याळ सांगेल तिथे घ्यायचा नाही. दोन्ही बाजूंनी लांबवरचं दिसेल अशी रुंद जागा आधी हेरून ठेवा. त्यासाठी इंटरव्हल साडेसात किंवा नऊ मिनिटांचा झाला तरी काही बिघडत नाही. जोर तोच राहिला की झालं.

या पद्धतीचा खरा फायदा पॉवर मीटर (पायांचा जोर वॅटमध्ये मोजणारं यंत्र) नसलेल्यांना आहे. पहिल्या फेरीत आठ मिनिटांनी जिथे पोहोचलात तिथला दगड किंवा फलक लक्षात ठेवा. चौथ्या फेरीत त्याच्या बरंच अलीकडे वेळ संपली, तर पहिली फेरी जास्त जोरात झाली होती. नुसत्या हार्ट रेटवर चालायचं तर पहिली एक-दोन मिनिटं तो आकडा मागेच असतो. तो गाठायला जोर लावला की पुढे पाय भरून येतात.

मीटर असेल तर ट्रेनरची एक सवय मोडावी लागते. अर्ग मोडमध्ये ट्रेनर स्वतःच पॅडल जड-हलकं करतो, त्यामुळे वॅट आपोआप जागेवर राहतात. घाटात ते क्षणात १७०, क्षणात २६०. त्या आकड्यामागे धावू नये. सायकल कंप्युटरच्या पडद्यावर लॅपची, म्हणजे त्या एका इंटरव्हलची सरासरी ठेवा, ऑटो-लॅप बंद करा, लॅपचं बटण स्वतः दाबा. वळणाच्या आतल्या बाजूला चढ तीव्र होतो, तिथे थोडे वॅट वाढू द्यावेत. गिअरचाही विचार हवा. पुढे ३४ आणि मागे २८ दात असतील तर २०० वॅटला सहा टक्क्यांवर कॅडन्स (मिनिटाला पॅडलचे फेरे) ८० राहतो, पण नऊ टक्क्यांचा तुकडा आला की ५५ च्या घरात येतो. मागे ३२ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकाच्या चकत्यांचा संच) असली तर गुडघे दुवा देतील.

३० सेकंद जोर, ३० सेकंद आराम हे प्रकार मी घरीच ठेवतो. वाहत्या रस्त्यावर अर्ध्या अर्ध्या मिनिटाला पडद्याकडे बघणं मला पटत नाही.

चौथी फेरी संपल्यावर निवांत माथ्यावर गेलो. पुढे भिवरी, चांबळीवरून सासवडपर्यंत रस्ता खालीवर होत जातो. ट्रेनरवरचे ओव्हर-अंडर, म्हणजे दोन मिनिटं ९५ टक्के आणि एक मिनिट १०५ टक्के, याच रस्त्यासाठी बनवलेत असं वाटतं: प्रत्येक चढावर ओव्हर, सपाटीला अंडर, घड्याळाची गरजच नाही. पाय ताजे असतील अशा वेगळ्या दिवशी करावेत. मी त्या दिवशी सासवडला पोहे खाल्ले, सीताफळांचे भाव विचारले आणि आल्या वाटेनं परतलो. दिवे घाटातून उतरून हडपसरला निघता येतं, मस्तानी तलावही दिसतो, पण तिथली ट्रक-एसटीची रांग सायकलवाल्याच्या कामाची नाही.

बोपदेव उतरताना बाहेरच्या कडेला पावसात वाहून आलेली खडी अजून असते, त्यामुळे ब्रेक वळणाआधीच लावावेत. घामानं भिजलेल्या अंगाला उताराचा वारा झोंबतो. खिशात मावेल असं विंडचीटर न्या. आणि ज्यांना २×२० मिनिटं करायची आहेत त्यांना बोपदेव अपुरा पडेल. त्यांनी गोळेवाडीवरून सिंहगड गाठावा, तोही आठवड्याच्या मधल्या दिवशी, कारण रविवारी भजी खायला निघालेल्या गाड्यांमागे तुमचा इंटरव्हल पहिल्या गिअरमध्येच संपेल.