बाग आडवी झाल्यावर

ज्येष्ठ, जळगाव

संध्याकाळपासून वारं सुटलंय आणि जीव रावेर-यावलच्या बागांत अडकलाय. कापणीवर आलेली केळी अशा वाऱ्यात बघता बघता आडवी होते. सकाळी बांधावर माणसं जमतात आणि पहिला प्रश्न येतो, "आप्पा, विमा काढेल होता का?"

विचारणाऱ्याला काळजीच असते, पण वेळ चुकते. त्या घटकेला मेंदूतल्या अमिग्डाला या भागानं धोक्याची वर्दी दिलेली असते, अंगात अॅड्रेनलिन उसळलेलं असतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक तर धक्क्यानंतर साधारण 20 ते 30 मिनिटांनी सर्वांत वर चढतं. हिशेब, मुदत, कागद ही कामं मेंदूच्या कपाळामागच्या भागाची, प्रीफ्रंटल कॉर्टेक्सची, आणि जबर ताणात नेमका तोच ढिला पडतो. म्हणून आप्पा नुसते बघत राहतात. फोटो काढणं, विमा कंपनीला कळवणं, तलाठ्याला फोन करणं हे पुतण्यानं परस्पर उरकावं.

शेजाऱ्यानं आधी जवळ बसावं. मानसशास्त्रज्ञ जेम्स कोअन आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये 16 विवाहित बायकांचा मेंदू स्कॅनरमध्ये पाहिला. घोट्याला विजेचा झटका बसू शकतो, अशी सूचना त्यांना मिळायची. नवऱ्याचा हात हातात असला की धोक्याला प्रतिसाद देणारे भाग बरेच शांत राहायचे. अनोळखी हातानंही फरक पडला, पण कमी. आणि ज्यांचा संसार जास्त जुळलेला, त्यांच्यात ताणाची संप्रेरकं सोडायला लावणाऱ्या हायपोथॅलॅमससारख्या भागांची धावपळ आणखी कमी. झटक्याची शक्यता तेवढीच होती, तरी सोबतीनं मेंदूवरचा भार उतरला. आपल्याकडे दुःखाच्या घरी दारावर जाणाऱ्या बाया फार बोलत नाहीत, नुसत्या खेटून बसतात. मला ती रीत फार मोलाची वाटते.

स्पर्शाचंही गणित आहे. केसाळ त्वचेत, म्हणजे हाताच्या वरच्या बाजूला, पाठीवर, काही सावकाश चालणारे मज्जातंतू असतात. सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर वेगानं हात फिरला की ते चांगले जागे होतात आणि खबर मेंदूतल्या इन्सुला या, अंगातल्या जाणिवा टिपणाऱ्या भागाकडे पोचवतात. कोपरापासून मनगटापर्यंत हात न्यायला 6-7 सेकंद लागले तर वेग बरोबर. पाठीवर धपाधप थोपटण्यानं हे होत नाही. ज्याला अंगाला हात लावलेला आवडत नाही, त्याच्या बाबतीत नुसतं बसणं पुरे.

श्वास जरा खाली आला की बोलतं करावं. "धीर धरा, होईल सगळं" म्हटलं की समोरच्याचं तोंड तिथंच बंद होतं. त्यापेक्षा "कसं वाटी ऱ्हायनं?" म्हणजे कसं वाटतंय, असं विचारावं आणि थांबावं. राग, भीती, लाज, जे असेल त्याला नाव मिळालं पाहिजे. मॅथ्यू लिबरमन यांच्या 2007 च्या प्रयोगात चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की अमिग्डालाची हालचाल उतरली आणि प्रीफ्रंटलचा उजवा, खालच्या बाजूचा भाग कामाला लागला. कर्जाची लाज हे नाव पुरुषांच्या तोंडून सगळ्यांत उशिरा निघतं, म्हणून घाई नको.

इथंच एक खड्डा आहे. रोज पारावर तेच वारं, तीच बाग, तोच व्यापारी. अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये मुलांच्या मैत्रीत हे मांडलं: दोघं मिळून दुःख उगाळत बसतात तिथं मैत्री घट्ट दिसते आणि उदासीही जास्त दिसते. नुसतं मन मोकळं केल्यानं भावना विरतेच असं नाही, घटनेकडे बघण्याची बाजू बदलावी लागते. तीच गोष्ट तिसऱ्यांदा आली की विचारावं, "यातलं काय वाचलंय? केळीची पिलं किती उभी आहेत?" हा प्रश्न पहिल्या दिवशी मात्र बोचतो.

सुरतेला, पुण्याला कामाला असलेल्या पोरांनी फोन करावा, मेसेजवर भागवू नये. 7 ते 12 वर्षांच्या मुलींवरच्या 2010 च्या अभ्यासात ताणानंतर आईचा फोनवरचा आवाज कानी पडला तेव्हा ऑक्सिटोसिन हे जवळिकीचं संप्रेरक वाढलं, जवळजवळ मिठीइतकंच. पुढे 2012 मध्ये लेखी संदेशानं तसं काही झालं नाही. आवाजाचा चढउतार कागदावर येत नाही.

दोन आठवडे झोप-जेवण उडालेलं राहिलं, तर मात्र सोबतीवर भिस्त ठेवू नये, डॉक्टरांकडे न्यावं. "जीव द्यायचा विचार येतो का?" हे सरळ विचारावं, विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नये, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा फुकट नंबर लावावा, आणि फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून, खळ्यातून हलवून दुसऱ्याच्या कुलपात ठेवावं.