व्रण आधी की विषं आधी?

सोमवार, रात्री

बाबांच्या बायोप्सीच्या अहवालात ‘इंटरस्टिशियल फायब्रोसिस’ असा उल्लेख आहे. किडनीत जागोजागी व्रण पडलेत, एवढंच मी त्यांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, “क्रिएटिनिन वाढलं म्हणून व्रण पडले, की व्रण पडले म्हणून क्रिएटिनिन वाढलं?” मला लगेच उत्तर देता आलं नाही. आज संध्याकाळपासून वाचत बसले आहे आणि प्रश्न किती नेमका होता ते आता कळतंय.

क्रिएटिनिनपुरतं उत्तर सोपं आहे: व्रणांमुळे ते वाढतं, त्याच्यामुळे व्रण पडत नाहीत. ते स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होतं आणि फारसं त्रासदायक नसतं. किडनी किती गाळते आहे, हे ते आपल्याला सांगतं, इतकंच. तेही उशिरा सांगतं. एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, असतात. त्यांतले बरेच निकामी झाले तरी उरलेले जास्तीचं काम अंगावर घेतात, त्यामुळे निम्मी ताकद जाईपर्यंत आकडा नॉर्मल दिसू शकतो. घरातले सगळे त्या एका आकड्याकडे डोळे लावून बसतात, आणि खरा घात करणारे पदार्थ नेहमीच्या रक्ततपासणीत मोजलेच जात नाहीत. हे वाचून मला फार वाईट वाटलं.

त्यातला सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला पदार्थ म्हणजे इंडॉक्सिल सल्फेट. त्याची सुरुवात किडनीत होत नाही, आतड्यात होते. आपण खाल्लेल्या प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून आतड्यातले जिवाणू इंडोल बनवतात. ते यकृतात जातं आणि तिथे त्याचं इंडॉक्सिल सल्फेट होतं. रक्तात ते बहुतांशी अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून फिरतं, म्हणून नुसत्या गाळण्याने बाहेर पडत नाही. किडनीतल्या सूक्ष्म नलिकांच्या पेशी ते रक्तातून ओढून घेतात आणि लघवीत सोडतात. नेफ्रॉन कमी झाले की ते रक्तात साचतं, आणि उरलेल्या नलिकांच्या पेशींना त्याचा जास्त मारा सोसावा लागतो. जी पेशी शरीर साफ करते, तिलाच विषाचा पहिला फटका बसतो.

त्या पेशीत पुढे काय होतं ते मी दोनदा वाचलं. ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशीला इजा करणाऱ्या ऑक्सिजनयुक्त रेणूंचा मारा) वाढतो, दाह सुरू होतो आणि टीजीएफ-बीटा नावाचा संदेश सुटतो. एरवी जखम भरून काढण्यासाठी हाच संदेश लागतो. तो मिळाला की आसपासच्या पेशी मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे व्रण विणणाऱ्या पेशी, होतात आणि कोलॅजन या चिवट धाग्यांच्या प्रथिनाची वीण घालू लागतात. कातडीवरची जखम भरली की हे काम थांबतं. इथे विष रोजच येत असल्यामुळे ते थांबतच नाही. नलिकांच्या मधली जागा कोलॅजनने भरते, बारीक रक्तवाहिन्या विरळ होतात, प्राणवायू कमी पडतो आणि आणखी काही नेफ्रॉन जातात. ते गेले की विष आणखी साचतं.

म्हणजे बाबा, या विषांच्या बाबतीत दोन्ही खरं आहे. व्रणांमुळे विषं साचतात आणि साचलेली विषं नवे व्रण पाडतात. मूळ आजार, रक्तदाब आणि लघवीतून जाणारी प्रथिनं हेही नुकसान करतातच, पण चक्र फिरतं ठेवण्यात विषांचा हात आहे. तोशिमित्सु निवा यांच्या जपानमधल्या गटाने 1994 मध्ये किडनी अर्धवट निकामी असलेल्या उंदरांना इंडॉक्सिल सल्फेट दिलं, तेव्हा त्यांच्या किडन्या जास्त वेगाने कठीण होत गेल्या. प्रयोगशाळेत हृदयाच्या पेशींवरही असाच परिणाम दिसला आहे. किडनीच्या रुग्णांचं हृदय का थकतं, याचं निदान एक कारण इथे असावं.

मग विष आतड्यातच अडवलं तर? विचार सरळ आहे. जपानमध्ये 1991 पासून त्यासाठी खास कोळशाच्या गोळ्यांचं औषध आहे. पण दोन हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष 2015 मध्ये आले, आणि त्या औषधाने आजाराची वाढ रोखल्याचं सिद्ध झालं नाही. वाचताना मन खट्टू झालं. तरीही ही कल्पना चुकीची ठरली असं मला वाटत नाही. साचणारी विषं अनेक आहेत, एकच दार बंद करून पुरणार नाही. डायलिसिसनेही अल्ब्युमिनला चिकटलेली ही विषं नीट निघत नाहीत, त्यामुळे तिथवर पोहोचण्याआधीचा काळ मोलाचा आहे.

आज हातात जे आहे त्याला भक्कम पुरावा आहे. रक्तदाब आटोक्यात ठेवणं, लघवीतली प्रथिनं कमी करणारी औषधं, आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या मुळात मधुमेहासाठी आलेल्या गोळ्या. 2020 च्या चाचणीत डॅपाग्लिफ्लोझिनचा फायदा मधुमेह नसलेल्यांनाही झाला होता. बद्धकोष्ठतेकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही. पोट साफ होत नसेल तर जिवाणूंना प्रथिनं कुजवायला जास्त वेळ मिळतो. पण आहारात तंतुमय पदार्थ आपल्या मनाने वाढवायचे नाहीत, कारण सोबत पोटॅशियमही वाढू शकतं.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचं आहे: लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण किती, बायकार्बोनेट (रक्तातल्या आम्लाचा तोल सांगणारा आकडा) किती, डॅपाग्लिफ्लोझिनची गोळी बाबांना चालेल का, आणि पोटाच्या तक्रारीसाठी काय देता येईल. चिठ्ठी बाबांच्या फाइलमध्ये ठेवली आहे.