रजेच्या वहीत ‘कारण : मतदान’

आमच्या वसतिगृहाच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला की महापालिकेची शाळा. १३ मे २०२४ ला तिथे लोकसभेचं मतदान होतं. मी सकाळी लवकर जाऊन मत देऊन आले. परत आले तेव्हा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत दहा-बारा मुली चहाचे कप घेऊन समोरच्या रांगेकडे बघत उभ्या होत्या. सगळ्यांची अठरा कधीच पूर्ण झालेली. एकीने माझा हात ओढून बोटावरची शाई बघितली आणि विचारलं, “मॅम, आम्ही इथेच तर राहतो. मग आमचं नाव का नाही?” इमारतीत त्या दिवशी साठेक मुली होत्या. समोरच्या शाळेतल्या यादीत त्यांच्यापैकी एकीचंही नाव नव्हतं.

अकरा वर्षं मी पुण्यात मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. अकरा वर्षांत या प्रश्नाकडे माझं लक्ष गेलं नव्हतं, याचं मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

आमच्याकडच्या मुली मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या, थोड्या खानदेशातल्या. नाव असलंच तर गावच्या यादीत, आईवडिलांच्या नावाखाली. त्या वर्षी महाराष्ट्रात पाच टप्प्यांत मतदान झालं. नागपूर-चंद्रपूर १९ एप्रिलला, परभणी-नांदेड २६ एप्रिलला, लातूर-धाराशिव ७ मे ला, पुणे १३ मे ला. म्हणजे बहुतेकींच्या गावी मतदान असेल तेव्हा पुण्यात कॉलेज चालू, आणि पुण्यात सुट्टी मिळेल तेव्हा गावचं मतदान होऊन गेलेलं. शिवाय हे दिवस प्रॅक्टिकलचे. ‘तरुण मतदान करत नाहीत’ असं जे सरसकट बोललं जातं, ते बोलणाऱ्यांनी एकदा हे वेळापत्रक आणि परीक्षेचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघावं.

परभणी जिल्ह्यातल्या आठ मुली होत्या. त्यातली जिंतूर तालुक्यातली एकटी गेली. गुरुवारी संध्याकाळी माझ्यासमोर रजेच्या वहीत तिने ‘कारण’ या रकान्यात ‘मतदान’ लिहिलं. त्या रकान्यात मी लग्न, आजारपण, जत्रा, शेतीची कामं हे सगळं वाचलेलं आहे. हा शब्द पहिल्यांदा बघितला. रात्रभर एसटी, सकाळी गाव, मत, दुपारी परतीची गाडी. शनिवारी पहाटे ती आली, अंघोळ केली, अ‍ॅप्रन घेतला आणि नऊच्या प्रॅक्टिकलला गेली. २०२३ पासून मुलींना एसटीत अर्धं तिकीट आहे म्हणून तिला परवडलं. मुलांच्या वसतिगृहातल्यांना पूर्ण पैसे मोजावे लागतात.

नियम काय सांगतो ते मी मग नीट वाचून काढलं. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला दोन वाटा आहेत: नाव गावी आईवडिलांबरोबर ठेवायचं, किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवायचं. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा आणि प्राचार्यांचं बोनाफाईड, म्हणजे त्या कॉलेजात शिकत असल्याचा दाखला, जोडायचं. एवढंच. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं.

जुलैत चार मुलींना घेऊन मी कॉलेजच्या खिडकीवर गेले. बोनाफाईडच्या अर्जावर कारणांची छापील यादी असते: शिष्यवृत्ती, पासपोर्ट, बस पास, बँक खातं. मतदार नोंदणी त्यात नव्हती. क्लार्क भला माणूस आहे, पण छापलेलं नाही त्यावर शिक्का कसा मारणार? वर पन्नास रुपये आणि तीन दिवस. शिष्यवृत्तीच्या हंगामात तीनाचे दहा होतात. मुली तिथूनच परत फिरायला लागल्या होत्या. माझ्या मते सगळी गळती होते ती इथे, या खिडकीवर. मुलींना राजकारणात रस नाही असं अजिबात नाही, मेसमधल्या रात्रीच्या चर्चा ऐकाव्यात. पण एका कागदासाठी तीन तास बुडवायचे म्हटल्यावर कोण थांबणार?

मी प्राचार्यांना भेटले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात मतदार नोंदणीपुरतं वेगळं बोनाफाईड छापून, सह्या करून, गठ्ठाच माझ्याकडे दिला. पैसे नाहीत, खिडकी नाही. नाव आणि वर्ग भरायचा, मी वसतिगृहाच्या नोंदीशी ताडून बघायचं. इतकं सोपं होतं ते.

फॉर्म भरताना एक गोष्ट वेळेत लक्षात आली ती सांगते, कारण यात खूप जण फसतात. गावी आधीच नाव असेल तर फॉर्म ६ भरायचा नाही. तो फक्त पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांसाठी. पत्ता बदलायला फॉर्म ८. आमच्या काही मुलींनी मोबाइलवर फॉर्म ६ अर्धा भरलाही होता. त्यात खाली प्रतिज्ञापत्र असतं की माझं नाव दुसरीकडे कुठेही नाही. खोटं निघालं तर एक वर्षापर्यंतच्या शिक्षेची तरतूद आहे. पोरींना याची कल्पनाही नव्हती.

ऑगस्टमधल्या एका रविवारी बीएलओ मॅडम, म्हणजे आमच्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या अधिकारी, आल्या. महापालिका शाळेत शिक्षिका, घरून डबा घेऊन आलेल्या. एकाच पत्त्यावरून इतके अर्ज आल्यामुळे प्रत्येक मुलगी समोर दिसायला हवी, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते बरोबरच होतं. मेसच्या लांब टेबलाच्या टोकाला त्या बसल्या. एकेक मुलगी समोर येऊन बसायची, त्या आधारवरचं नाव बोटाखाली धरून अक्षर-अक्षर वाचायच्या. एकीच्या आडनावातला काना सुटला होता, एकीचं वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलं होतं, एकीने खोलीतल्या पडद्यापुढे काढलेला सेल्फी फोटो म्हणून जोडला होता. मॅडमनी सगळं तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतलं. संध्याकाळी पाचला त्यांनी डबा उघडला. ४१ अर्जांपैकी ३३ नावं यादीत आली.

उरलेल्या बऱ्याच मुलींनी विचार करूनच नाव गावी ठेवलं. जिंतूरची मुलगी म्हणाली, “मॅम, पुण्यात मत देऊन माझ्या गावचा रस्ता होणार आहे का?” तिचं खरं होतं. ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्याच यादीतून बनते. इथे नाव आलं की तिकडची ग्रामपंचायतही हातची गेली. म्हणून मी कुणालाही ‘इथेच नोंदव’ असं सांगत नाही. मुलीने ठरवावं, आणि जे ठरवेल ते तिला जमावं, एवढीच माझी धडपड.

गावी जाणाऱ्यांना काय लागतं? दोन दिवस. नोकरदाराला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देणं कायद्याने बंधनकारक आहे. विद्यार्थ्यासाठी तसं काही नाही. विधानसभेला २० नोव्हेंबर २०२४ ला सगळ्या राज्यात एकाच दिवशी मतदान होतं, पण चारशे किलोमीटरवरच्या मुलीला एका दिवसाची सुट्टी काय पुरणार? आम्ही १९ आणि २१ ची हजेरी मागितली, त्या दोन दिवसांत चाचणी नको म्हणून मागितलं. मिळालं. तरी १९ च्या रात्री वाकडेवाडीच्या स्टँडवर मुली दोन-दोन तास उभ्या होत्या, कारण एसटीच्या बऱ्याच गाड्या निवडणुकीच्या कामाला लागलेल्या असतात. त्या रात्री कॉलेजांच्या गावांतून जादा गाड्या सोडायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं. २०२३ च्या जानेवारीत निवडणूक आयोगाने एकाच यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मतदान घेण्याचा प्रयोग पक्षांसमोर मांडला होता, तो पुढे सरकला नाही. तो येईल तेव्हा येईल. जादा एसटी तर उद्याही सोडता येते.

२० तारखेला समोरच्या शाळेत आमच्या २९ जणी गेल्या. एक जण पाच मिनिटांत पळत परत आली, कॉलेजचं ओळखपत्र घेऊन गेली होती. ते मतदानाला चालत नाही. आधार घेऊन पुन्हा पळाली.

या आठवड्यात नवीन प्रवेश सुरू झालेत. खोलीची किल्ली देतो त्याच टेबलावर मी बोनाफाईडचा गठ्ठा आणि दोन्ही फॉर्म ठेवलेत. अठरा पूर्ण झाली का हे बघायला आता १ जानेवारीबरोबर १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरतात, त्यामुळे सप्टेंबरात अठरा पूर्ण होणारीलाही आत्ताच अर्ज करता येतो. काल हिंगोलीहून एक वडील मुलीला सोडायला आले होते. फॉर्म बघून म्हणाले, “नाव गावाकडंच राहू द्या.” मी मुलीकडे बघितलं. तिने दोन्ही फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवले आणि म्हणाली, “रविवारी सांगते, मॅम.”