जड अन्न

आज बायबल अभ्यासात इब्री लोकांस पत्राचा ५वा अध्याय होता. एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, पण तुम्हाला अजून दूधच (म्हणजे प्राथमिक शिकवण) लागतं, जड अन्न नाही, असं पत्राचा लेखक चक्क सुनावतो. आमच्यात वाद रंगला तो ‘जड अन्न’ म्हणजे गहन सिद्धान्त की काय यावर. मला तसं वाटत नाही. १४व्या वचनात प्रौढ कोण, तर सरावाने बरं-वाईट ओळखणारा. पाठांतराचा तिथे उल्लेखही नाही!

वादाच्या भरात एका तरुणाने ज्येष्ठ काकांचं बोलणं मध्येच तोडलं. काका म्हणाले, “बरोबर आहे रे तुझं, मी असा विचार केला नव्हता,” आणि चष्मा लावून मुद्दा वहीत उतरवून घेतला. प्रेषित पौलानेही फिलिप्पैकरांना, म्हणजे फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, बंदिवासातून कळवलं होतं की मी अजून पूर्ण झालेलो नाही. पुढचा अध्याय काकांनीच घ्यावा, असं सुचवणार आहे.